एक औषध नेम धरणारं, एक प्रतिकारशक्ती जागवणारं: अप्पांना दोन्ही द्यायची का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. इचलकरंजीत प्रोसेसमध्ये कापड रंगवण्याच्या खात्यात तीसेक वर्षं कामाला होते. विडी ओढायचे. गेल्या वर्षी लघवीतून रक्त गेलं, तेव्हा 'उन्हाळी लागली असेल' म्हणून धने-जिऱ्याचं पाणी झालं, मग मुतखड्याच्या गोळ्या झाल्या. आता मूत्राशयाचा कॅन्सर निघालाय. पेट स्कॅनमध्ये पोटातल्या गाठींत आणि फुफ्फुसातही दिसतोय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं एकत्र सुचवली आहेत, एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब. 'एक टार्गेटेड, एक इम्युनोथेरपी, केमो नाही' असं तिथल्या सहायकानं समजावलं. दर तीन आठवड्यांचा खर्च काही लाखांत जातो. अप्पांना बारा वर्षांपासून साखर आहे, क्रिएटिनिन १.६ आहे, वजन ५६ किलो. पायांना मुंग्या येतात. पुण्याचा भाऊ म्हणतो थांब, आता नॅनो पार्टिकल्स आणि इम्युनोथेरपी एकत्र करून कॅन्सर मुळातून जातो, तसं बघू. शेजारच्या काकांचा मूत्राशयाचा कॅन्सर बीसीजीनं आटोक्यात आला. आत्याचे जावई म्हणतात मुंबईत देशी कार-टी निघालीय, ती स्वस्त आहे. आमचा एक प्लॉट आहे, तो विकावा का? अप्पांना आजाराचं नाव अजून सांगितलेलं नाही.
— एक मुलगी

उत्तर: ताई, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सुचवलेली जोडी योग्य आहे. पसरलेल्या मूत्राशयाच्या कॅन्सरवर अगदी पहिल्यांदा जे उपचार देता येतात, त्यांत आज हिच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशाच्याच मागे नाही. अडचण वेगळीच आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहून गेलात: साखर आणि पायांच्या मुंग्या. मला भावाच्या नॅनोपेक्षा आणि प्लॉटपेक्षाही या दोन गोष्टींची काळजी जास्त आहे. तिथे येतोच, पण आधी ही औषधं करतात काय ते बघू, नाहीतर पुढचं सगळं 'डॉक्टर म्हणाले म्हणून' होईल.

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरातून जो कॅन्सर निघतो त्याला युरोथेलियल म्हणतात. बायोप्सीच्या रिपोर्टात हा शब्द आहे ना, ते आज घरी गेल्यावर बघा, कारण ही जोडी त्याच प्रकारासाठी आहे. या पेशींच्या अंगावर नेक्टिन-४ नावाचं प्रथिन भरपूर असतं. एन्फोर्टुमॅब हे त्या प्रथिनाला चिकटणारं प्रतिद्रव्य आहे आणि त्याला जोडलेलं 'व्हेडोटिन' म्हणजे एमएमएई नावाचं जहाल रसायन. त्याचा मूळ नमुना हिंदी महासागरातल्या डोलाबेला नावाच्या समुद्री गोगलगायीत सापडला. हे रसायन नुसतं शिरेतून सोडलं तर माणसाला झेपणार नाही इतकं विषारी आहे. म्हणून ते प्रतिद्रव्याला बांधून पाठवतात. कॅन्सरची पेशी त्या जोडगोळीला आत ओढून घेते, आतली विकरं बांधणीचा धागा कापतात, एमएमएई मोकळं होतं आणि पेशी दोन होण्यासाठी जी सूक्ष्म नळ्यांची चौकट उभारते ती कोसळते.

तेव्हा 'केमो नाही' हे त्या सहायकानं तुम्हाला धीर द्यायला सांगितलं असेल, पण ते खरं नाही. ही केमोच आहे, फक्त बरीचशी गाठीकडे वळवलेली. बरीचशी म्हणतोय, कारण नेक्टिन-४ त्वचेतही असतं आणि थोडं एमएमएई रक्तात सुटं होतंच. म्हणून पुरळ उठतं, नसांना त्रास होतो, आणि तिघांतल्या एकाचे केस जातात. घरी सगळ्यांना 'केस जाणार नाहीत' असं सांगून ठेवलं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करा. अप्पांना केसांचं काही वाटणार नाही कदाचित. पण एक गोष्ट खोटी निघाली की माणूस पुढच्या दहा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही.

आता दुसरं औषध. प्रतिकारशक्तीच्या शिपाई असलेल्या आपल्या टी-पेशी गाठीपर्यंत पोचतात, पण गाठ त्यांच्या पीडी-१ या खटक्यावर बोट ठेवते आणि त्या थंडावतात. पेम्ब्रोलिझुमॅब तो खटका झाकून टाकतं. पीडी-१ शोधणारे क्योटोचे तासुकु होंजो आणि असाच दुसरा खटका उलगडणारे अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८चं नोबेल याच कामासाठी मिळालं. मात्र टी-पेशींना गाठीची ओळखच पटलेली नसेल, तर खटका झाकून उपयोग नसतो. एकट्या इम्युनोथेरपीनं बऱ्याच रुग्णांत काही घडत नाही, त्याचं हे एक मोठं कारण.

दोन औषधं जोडण्यामागचं डोकं इथं आहे. एमएमएईनं मरणारी पेशी गुपचूप मरत नाही. मरताना ती कॅलरेटिक्युलिन नावाचं प्रथिन पृष्ठभागावर आणते, एटीपी आणि एचएमजीबी-१ ही रसायनं बाहेर टाकते. या खुणांवर प्रतिकारशक्तीच्या टेहळ्या, म्हणजे डेंड्रायटिक पेशी धावून येतात, मेलेल्या पेशीचे तुकडे गिळतात आणि जवळच्या लसीकाग्रंथीत जाऊन टी-पेशींना दाखवतात. म्हणजे पहिलं औषध गाठ मारता मारता तिची ओळखही पटवून देतं, आणि दुसरं औषध ओळख पटलेल्या टी-पेशींना थंडावू देत नाही. प्रयोगशाळेत हे छान दिसतं. माणसाच्या शरीरात दोघं एकमेकांना खरंच इतकी मदत करतात, की दोन चांगली औषधं शेजारी शेजारी आपापलं काम करतात, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. तुमच्या दृष्टीनं तो वाद दुय्यम. निकाल काय लागला ते महत्त्वाचं.

निकाल ऑक्टोबर २०२३ मध्ये माद्रिदच्या युरोपीय कॅन्सर परिषदेत मांडला गेला. ईव्ही-३०२ नावाच्या चाचणीत ८८६ रुग्ण होते. आजार पसरलेला किंवा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला, आणि त्यासाठी आधी कोणताही उपचार न झालेला. निम्म्यांना ही जोडी दिली, निम्म्यांना जेमसिटाबिन आणि प्लॅटिनमची नेहमीची केमो. नेहमीच्या केमोच्या गटात निम्मे रुग्ण १६.१ महिन्यांपलीकडे जगले. जोडीच्या गटात तोच आकडा ३१.५ महिने. दहांपैकी जवळजवळ तिघांची गाठ स्कॅनवर पूर्ण दिसेनाशी झाली, केमोच्या गटात हे प्रमाण आठांत एक होतं. या आजारात तीस-चाळीस वर्षं प्लॅटिनमला मागे टाकणारं काही सापडत नव्हतं, त्यामुळे सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं यात नवल नाही. आणि गंभीर दुष्परिणाम? जोडीत ५६ टक्के, केमोत जवळपास ७०. कमी, पण थोडे नव्हेत.

आता भावासाठी लिहितो. 'नेम धरणारं औषध अधिक इम्युनोथेरपी' हे सूत्र ऐकायला इतकं पटतं, की कुठल्याही दोन औषधांना ते लावावंसं वाटतं. तसं होत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टी-डीएम१ हे असंच प्रतिद्रव्याला केमो बांधलेलं औषध आहे, चांगलं चालणारं. त्याच्या जोडीला अ‍ॅटेझोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी देऊन केट-२ नावाची चाचणी झाली, २०२०मध्ये छापली गेली. आजार रोखण्यात ठरवलेला फायदा दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. आणखी जवळचं उदाहरण हवं तर अप्पांच्याच आजारात, हेच पेम्ब्रोलिझुमॅब, जोडीला साधी केमो, अशी कीनोट-३६१ चाचणी झाली. हजारावर रुग्ण होते. तीही अपेक्षेला उतरली नाही. औषध तेच, आजार तोच, फक्त जोडीदार वेगळा. म्हणून कुणी तुम्हाला 'टार्गेटेड आणि इम्युनो एकत्र' असं मोघम सांगितलं की विचारायचं: कोणती दोन, कोणत्या कॅन्सरमध्ये, कितव्या टप्प्यावर, आणि कशाशी तुलना करून? कोल्हापूरच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला या चारही प्रश्नांची उत्तरं आहेत. भावाच्या मेसेजला बहुधा एकाचंही नाही.

नॅनोचं, म्हणजे औषध वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचं, थोडक्यात. ते नवं नाही आणि थोतांडही नाही. चरबीच्या सूक्ष्म थैलीतून दिलं जाणारं डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५पासून वापरात आहे, अल्ब्युमिनच्या कणांत बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५पासून. आपल्याकडे दोन्ही मिळतात. पण 'कण थेट गाठीत जाऊन बसतात' या वाक्याचं वजन बघा: टोरांटोच्या एका गटानं २०१६मध्ये दहा वर्षांतले असे प्रयोग एकत्र तपासले, बहुतेक उंदरांवरचे. टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचा मध्य निघाला ०.७ टक्के. बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहेत अडकतात. या कणांना इम्युनोथेरपीची जोड देण्यावर जगभर काम चालू आहे आणि त्यातून उद्या काही चांगलं निघेलही. पण फुफ्फुसात पोचलेला आजार उद्यासाठी थांबत नाही. भावाला खरंच शोध घ्यायचा असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी भारतात चालू असलेल्या चाचण्या बघायला सांगा. २००९पासून तिथं नोंद सक्तीची आहे. नोंद नसलेला, आणि वर पैसे मागणारा 'प्रयोग' कुणी सुचवला तर तिथून निघून यायचं.

बीसीजी आणि कार-टी दोन्ही इम्युनोथेरपीच आहेत, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. आपल्या दंडावर जिची खूण असते तीच क्षयाची लस १९७६पासून मूत्राशयात नळीनं सोडली जाते आणि ती उत्तम काम करते, पण कॅन्सर आतल्या अस्तरापुरता असेल तेव्हाच. काकांचा तसा होता, अप्पांचा तो टप्पा मागे पडला. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत देणं. मुंबईची कार-टी ही आयआयटी आणि टाटा मेमोरियलनं मिळून तयार केलेली, ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळालेली नेक्सकार-१९. आपल्या लोकांनी केलेलं मोठं काम आहे. पण ती बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी, सीडी-१९ हे लक्ष्य धरून बनवलेली आहे. मूत्राशयाच्या पेशीवर सीडी-१९ नसतंच. आत्याच्या जावयांना एवढं सांगितलंत तरी पुरे.

आता मुख्य गोष्ट, साखर.

एन्फोर्टुमॅबनं रक्तातली साखर चढते. कधी इतकी, की कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्तात घातक आम्ल साठणं) होऊन माणूस दगावतो. ज्यांना आधी मधुमेह नव्हता त्यांनाही हे झालंय, मग बारा वर्षांचा मधुमेह असेल तर धोका उघड आहे. ज्या चाचणीचे सुंदर आकडे मी वर दिले, तीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ८ किंवा त्याहून जास्त असलेल्यांना घेतलंच नव्हतं. म्हणजे अप्पांची साखर बेताल असेल तर ते आकडे अप्पांचे नाहीत. तुमच्या पत्रात एचबीए१सी नाही. उद्या सकाळी करून घ्या. ८च्या वर आला तर याचा अर्थ औषध द्यायचंच नाही असा नव्हे. आधी मधुमेहाच्या डॉक्टरांकडून, बहुधा इन्सुलिन लावून, साखर खाली आणायची आणि मग सुरू करायचं. घरी ग्लुकोमीटर लागेल. इंजेक्शनच्या दिवशी साखर २५०च्या वर असेल तर त्या दिवशीचा डोस थांबवतात, हेही आधीच माहीत असू द्या, नाहीतर एवढा प्रवास करून तसंच परत यावं लागलं की चिडचिड होते.

पायांच्या मुंग्या हा दुसरा अडथळा. एमएमएई नसांना इजा करतं. चाचणीत या जोडीवर असलेल्या निम्म्या रुग्णांना हातापायांच्या संवेदनेचा त्रास झाला. तो हळूहळू, काही महिन्यांनी वाढतो. अप्पांच्या नसा मधुमेहानं आधीच दुखावलेल्या दिसतात. सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून त्यांच्या पायांची नीट तपासणी करून घ्या: चप्पल पायातून निसटलेली कळते का, सदऱ्याची बटणं लावता येतात का, अंधारात तोल जातो का. हे कागदावर लिहून ठेवलं तर तीन महिन्यांनी 'आधीपासूनच होतं' की 'औषधानं वाढलं' हा वाद राहत नाही. या औषधाचा डोस टप्प्यानं कमी करता येतो, किलोमागे १.२५ मिलिग्रॅमवरून १, मग ०.७५, मग ०.५. अनेकांचा करावा लागतो. डोस कमी केला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले असं समजू नका.

क्रिएटिनिनची मात्र या जोडीला तेवढी अडचण नाही. १.६ क्रिएटिनिन, ५६ किलो वजन आणि ६८ वय धरलं तर अप्पांच्या मूत्रपिंडाचं काम सिस्प्लॅटिनला, म्हणजे नेहमीच्या केमोतल्या प्लॅटिनमच्या मुख्य औषधाला, पुरणार नाही असं दिसतं, या जोडीला चालू शकतं. नेमका हिशोब तुमचे डॉक्टर करतील. गाठीनं मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड सुजलंय का, हे सोनोग्राफीत बघितलंय ना, तेवढं विचारा. तसं असेल तर स्टेंट टाकून क्रिएटिनिन खाली येऊ शकतं.

जोडीचा खरा त्रास असा, की एकच लक्षण दोघांपैकी कुणामुळेही असू शकतं आणि उपाय वेगळे असतात. साखर एकदम ४००वर गेली? एन्फोर्टुमॅबमुळे असेल, किंवा क्वचित पेम्ब्रोलिझुमॅबनं प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटली असेल, किंवा पुरळासाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळेही. पुरळ दोघांनीही उठतं. पहिल्या महिन्यात बहुधा एन्फोर्टुमॅबचं, आणि त्यात तोंडात फोड, डोळे लाल, ताप, कातडी सोलणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच रात्री दवाखान्यात जायचं. स्टीव्हन्स-जॉन्सन नावाची जीवघेणी अवस्था असू शकते. मेडिकलवाल्याकडून मलम आणून बघू, असं करायचं नाही. नवा खोकला किंवा दम, दिवसातून चार-पाच जुलाब, डोळे पिवळे, विलक्षण थकवा, यांतलं काही झालं तर फोन. जुलाबाची गोळी देऊन दोन दिवस वाट बघणं इम्युनोथेरपीवरच्या रुग्णाला महागात पडतं, कारण ती आतड्याची सूज असू शकते आणि तिला स्टिरॉइड लागतं. आणि पेम्ब्रोलिझुमॅबचे दुष्परिणाम औषध बंद केल्यावर काही महिन्यांनीही येतात. त्यामुळे पुढच्या वर्षी गावातल्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'इम्युनोथेरपी झालीय' हे पहिलं वाक्य असलं पाहिजे.

म्हणूनच अप्पांना सांगा. मुंग्या घोट्यापर्यंत चढल्या हे फक्त त्यांनाच कळणार आहे. ज्या माणसाला वाटतंय की ही मुतखड्याची इंजेक्शनं आहेत, तो त्रास अंगावर काढेल, पोरांना खर्च नको म्हणून. सगळे आकडे सांगायची गरज नाही. 'लघवीच्या पिशवीत गाठ आहे, कॅन्सरची आहे, फुफ्फुसात गेलीय, औषध आहे, तुम्हाला काय होतंय ते तुम्ही सांगायचं' इतकं पुरतं. माझ्या अनुभवात बहुतेक वडीलधाऱ्यांना अंदाज असतोच, ते मुलांना त्रास नको म्हणून गप्प बसलेले असतात. शिवाय संमतीच्या कागदावर सही त्यांची लागते. आणि प्लॉट त्यांच्या नावावर असेल तर तीही.

पैशाचं सरळ बोलतो. चाचणीत दर ९ आठवड्यांनी स्कॅन होता, म्हणजे तीन चक्रांनंतर. तेव्हा पहिला कौल मिळतो. गाठी कमी झाल्या तर एन्फोर्टुमॅब आजार वाढेपर्यंत किंवा सोसवेपर्यंत चालतं, पेम्ब्रोलिझुमॅब जास्तीत जास्त दोन वर्षं. त्यामुळे आज प्लॉट घाईनं, पडत्या भावात फुंकायची गरज नाही. पण सहा महिन्यांची तरतूद डोळ्यासमोर नसेल तर ही जोडी सुरूच करू नका असं मी म्हणेन. दोन चक्रं देऊन पैसे संपले म्हणून थांबलेले रुग्ण मी पाहिलेत. त्यात आजारही राहतो आणि पुढच्या उपचारासाठी काही उरतही नाही.

आणि न झेपणं हा गुन्हा नाही. दुसरा रस्ता आहे: जेमसिटाबिन आणि कार्बोप्लॅटिन, चार ते सहा चक्रं. ही औषधं त्या मानानं फार स्वस्त आहेत, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत केमोची पॅकेजेस आहेत. जेमसिटाबिन-कार्बोप्लॅटिन त्यात कितपत बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. केमोनं आजार थोपला तर पुढे अ‍ॅव्हेल्युमॅब ही इम्युनोथेरपी एकटी देतात. त्या रस्त्यानं गेलेल्यांत, केमोनंतर चाचणीत गट पडल्यापासून मोजलं तर निम्मे रुग्ण २१.४ महिन्यांपलीकडे जगले, नुसती देखभाल झालेल्यांत १४.३. मात्र हा आकडा केमोला दाद दिलेल्यांचाच आहे, वरच्या ३१.५शी त्याची तुलना करू नका. आजार नंतर वाढला तर एन्फोर्टुमॅब एकटं तेव्हाही देता येतं. बायोप्सीच्या ठोकळ्यावर (मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर) एफजीएफआर-३ या जनुकाची तपासणी करून ठेवा, बदल सापडला तर गोळ्यांचा एक पर्याय पुढे मोकळा राहतो.

कमी डोसबद्दल कुणीतरी सांगेलच. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, स्वस्त तोंडी औषधांबरोबर देऊन पाहिलं. १५१ रुग्णांची चाचणी. वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४वर गेलं. आपल्या देशाला अशाच संशोधनाची गरज आहे, यात मला शंका नाही. पण तो आजार वेगळा, औषध वेगळं, जोडीदार वेगळे. भावाला लावलेला नियम मलाही लागू. तुमच्या डॉक्टरांशी पेम्ब्रोलिझुमॅबच्या वजनानुसार डोसबद्दल जरूर बोला, पण ठरवू द्या त्यांना.

कुप्यांचा हिशोब मात्र तुम्ही करा. अप्पांच्या ५६ किलोला एन्फोर्टुमॅब दर वेळी ७० मिलिग्रॅम लागेल, तीन आठवड्यांच्या चक्रात दोनदा, पहिल्या आणि आठव्या दिवशी. कुप्या २० आणि ३० मिलिग्रॅमच्या असतात. दोन वीसच्या, एक तीसची, काही वाया जात नाही. वजन बदललं की हे गणित पुन्हा मांडायचं. कंपनीची रुग्ण-मदत योजना आहे का हे पहिली कुपी विकत घेण्याच्या आधी विचारा. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर तिथं १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.

'निम्म्या किमतीत आणून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर नाही म्हणा. मार्च २०२४मध्ये दिल्ली पोलिसांनी एक टोळी पकडली, ती महागड्या कॅन्सर औषधांच्या, त्यात पेम्ब्रोलिझुमॅबच्याही, रिकाम्या कुप्या गोळा करून त्यांत भलतंच भरून विकत होती. औषध पक्क्या बिलावर घ्या, बिलावरचा बॅच नंबर कुपीवरच्या नंबराशी ताडून बघा, थंड डब्यातून आलंय ना ते बघा, आणि इंजेक्शन झाल्यावर रिकाम्या कुपीचं लेबल तुमच्यासमोर फाडायला सांगा. नर्सला वाईट वाटणार नाही.

या आठवड्यात एवढं करा: एचबीए१सी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, थायरॉइडची टीएसएच तपासणी, पायांची तपासणी, आणि बायोप्सीचा ठोकळा परत मागवणं. कागद हातात आले की कोल्हापूरला जाऊन, अप्पांना बरोबर घेऊन, एवढंच विचारा: यांच्या साखरेवर आणि नसांवर ही जोडी देताना तुम्ही काय वेगळं करणार? डॉक्टरांकडे त्याचं सविस्तर उत्तर असेल तर तिथंच उपचार घ्या. नसेल तर सगळे रिपोर्ट टाटा मेमोरियलला किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्यातल्या दुसऱ्या केंद्रात दाखवून या. आठ-दहा दिवसांनी बिघडणार नाही, महिना मात्र घालवू नका. भाऊ पुण्यातच आहे, कागद घेऊन मुंबईला जायचं काम त्याच्याकडे द्या.